करंजदऱ्याचा नंबर

“शून्य लिहायचं, खाली सही करायची आणि घरी जेवायला जायचं,” खटावकर म्हणाले. “त्याला डोंगर चढावा लागत नाही, गुरुजी.”

हे एकोणीसशे नव्वदच्या मे महिन्यातलं. पुढच्या वर्षी जनगणना होती आणि तिच्याआधी घरयादी करायची होती. म्हणजे गावात जायचं, घरं मोजायची, प्रत्येक दारावर गेरूने नंबर घालायचा आणि आत माणसं किती ते फॉर्मात लिहायचं. सरकारला काहीही मोजायचं झालं की पहिल्यांदा प्राथमिक शिक्षक आठवतो, कारण मे महिन्यात तो मोकळा असतो. मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. अजून कायम झालो नव्हतो, त्यामुळे मी जरा जास्तच मोकळा होतो.

खटावकर तहसील कचेरीत अव्वल कारकून. त्यांना सगळे आण्णा म्हणत. तहसीलदार दर तीन वर्षांनी बदलत, आण्णा बदलत नसत. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर एक मोठा फळा होता. आमच्या तालुक्यात काय काय आहे ते सगळं त्या फळ्यावर होतं. पुरुष किती, स्त्रिया किती, बैल किती, कोंबड्या किती, पाऊस किती. अगदी वरची ओळ अशी होती : एकूण गावे १४८, वस्तीची १४१, बेचिराख ७. जूनमध्ये कलेक्टर तपासणीला येणार म्हणून फळा नुकताच रंगवून घेतला होता. ताज्या रंगाचा वास येत होता आणि आण्णा त्याच्याकडे अधूनमधून कौतुकाने पाहत होते.

माझ्या वाट्याला तीन गावं आली होती. दोन पायथ्याची, वस्तीची. तिसरं मौजे करंजदरा, डोंगरावर, बेचिराख.

“आण्णा, बेचिराख म्हणजे नक्की काय?” मी विचारलं.

“मास्तर असून विचारता? बे म्हणजे बिगर, चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराख. अठरा सालच्या साथीत करंजदरा उठला. तेव्हापासून तिथे दिवा लागलेला नाही.”

“कुणी जाऊन पाहिलंय?”

“रेकॉर्ड पाहिलंय,” आण्णा म्हणाले.

मी खरंच शून्य लिहिणार होतो. माझ्यात काही विशेष प्रामाणिकपणा होता अशातला भाग नाही. पण पायथ्याच्या दुसऱ्या गावाचं काम उरकून संध्याकाळी मी देवळाच्या पारावर बसलो होतो आणि सहज वर पाहिलं, तर बेचिराख गावातून धूर निघत होता. एका ठिकाणाहून नाही, चार-पाच ठिकाणांहून. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की एकही घर सुटता कामा नये. डब्यात गेरूही शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर चढलो. त्या वयात माणूस प्रशिक्षणात सांगितलेलं खरं धरतो.

वर धनगरांची अकरा घरं होती. कारवीच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. साथीत उठलेल्या गावाच्या जुन्या जोत्यांवरच ती बांधलेली होती. म्हशी राखणारी माणसं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी चाऱ्यासाठी आली आणि राहिली. रेकॉर्डला न विचारताच राहिली, एवढा त्यांचा गुन्हा.

पहिल्याच घरापुढे पन्नाशीची एक बाई गोवऱ्या थापत होती. मी म्हणालो, “बाई, जरा पाणी देता का?”

तिने आत हाक मारली. आतून तिची सून लंगडत बाहेर आली आणि तिने पितळी भरून दूध दिलं.

“दूध नको, पाणी द्या,” मी म्हणालो.

“दूधच प्या, मास्तर,” बाई म्हणाली. “दूध दारात हाय. पानी खाली हाय.”

या ठकूबाई ढेबे. झरा कुठे आहे ते त्यांनी मला हाताने दाखवलं. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, सरळ खाली, अर्धा तास उतरायला आणि तास चढायला. सून हौसा आदल्या पावसाळ्यात हंडा घेऊन चढताना निसरड्यावरून घसरली होती. पाय मोडला तो वाकडाच बसला. सातवा महिना होता, ते मूलही गेलं. हे ठकूबाईंनी गोवऱ्या थापता थापताच सांगितलं. हौसा पितळी परत न्यायला उभी होती आणि मी दूध किती सावकाश पितोय ते बघत होती.

तेवढ्यात ठकूबाईंचा मुलगा बिरू आला. माझ्या हातातले कागद बघून म्हणाला, “आनि एक सायेब का?”

मी म्हणालो, साहेब नव्हे, मास्तर. घरं मोजायला आलोय.

“आमची मोजलेली हायत,” बिरू म्हणाला. “बोअरसाठी चार आर्ज केले. पंचायत समितीचा सायेब काय म्हनला ठाव हाय? बोअर लोकसंख्येवर मिळती. तुमच्या करंजदऱ्याची लोकसंख्या शून्य. शून्य मानसास्नी किती पानी लागतं, सांगा.”

“मग खालच्या हिवरदऱ्यातून अर्ज करायचा. मतदान तिथेच करता ना?”

“तिथंच की. पर डोंगराची धार मधी धरून तालुका फोडला, आनि हिवरदरा गेला पल्याडच्या तालुक्यात. त्ये म्हनत्यात, मत द्याया या, पान्याचं तुमच्या तालुक्याला इचारा. म्हंजे मत देताना आमी हिवरदऱ्याचं आनि पानी मागताना करंजदऱ्याचं. येत्या सोमवारी समदी म्हसरं घिऊन जिल्ह्याला जानार हाय. कलेक्टरच्या दारात बांधतो. शून्य मानसांची म्हसरं तरी दिसत्यात का बघूया.”

“जायाचं, पर शान्यासारकं जायाचं,” ठकूबाई म्हणाल्या. “मास्तर काय करत्यात ते बघ आदी.”

मास्तर काय करत होते तर नंबर घालत होते. नियम असा की वायव्येच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, म्हणून मी पार दुसऱ्या टोकाला गेलो. शेणाच्या भिंतीवर गेरू धरेना, तेव्हा लाकडी चौकटीवर घातला. एका घराला चौकटच नव्हती, तिथे छपराच्या मेढीवर घातला. सगळी वस्ती माझ्या मागून चालत होती. शाळेत मुलं इतकं मन लावून फळ्याकडे पाहत नाहीत. एका म्हाताऱ्याने आपल्या मेलेल्या भावाचंही नाव लिहा म्हणून आग्रह धरला, कारण जो इथे राबून मेला त्याचाच हक्क जास्त. मी त्याला नियम समजावून सांगितला. माणसं अठ्ठावन्न भरली.

ठकूबाईंचं घर सातवं आलं. मी सात काढला. त्यांनी मागे सरून तो पाहिला, म्हणाल्या, जरा वाकडा झालाय, सरळ करा. मी सरळ केला.

“म्हंजे आता आमचा नंबर लागला?” त्यांनी विचारलं.

“लागला,” मी म्हणालो.

“यादीत गेलो आमी?”

“गेलात. हा सरकारी नंबर आहे. आता कोण शून्य म्हणतो ते बघू.”

त्या बिरूकडे वळल्या. “मग सोमवारी जायाची गरज न्हाई. व्हय ना, मास्तर?”

“काही गरज नाही,” मी म्हणालो. “उगाच म्हशींना कशाला त्रास?”

बिरूने गेरूचा डबा माझ्या हातातून घेतला आणि उरलेल्या चार घरांपर्यंत तोच धरून चालला. उतरताना मी इतका खूश होतो की दोनदा ठेच लागली तरी कळली नाही.

दुसऱ्या दिवशी फॉर्म आण्णांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी वरचा फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

“हे काय आणलंत, गुरुजी?”

“करंजदरा. अकरा घरं, अठ्ठावन्न माणसं.”

“बेचिराख गावात माणसं नसतात.”

“मी पाहिली, आण्णा. त्यांनी मला दूध दिलं.”

“दूध दिलं असेल,” आण्णा समजुतीने म्हणाले. “दुधाचा रकाना नाही यात. दिवा आहे का तिथे?”

“कंदील आहेत.”

“कंदील म्हणजे दिवा नव्हे. वीज आहे का?”

“नाही.”

“का नाही?”

“वीजवाले म्हणतात, बेचिराख गावाला जोडणी मिळत नाही.”

“बघा,” आण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. “वीजवाल्यांचंही रेकॉर्ड जुळतंय.”

मी म्हणालो, मग निदान शेजारच्या गावात तरी धरू. त्यावर त्यांनी मला फडताळातून तालुक्याचा नकाशा काढून दाखवला. हिवरदरा पलीकडच्या तालुक्यात. आपल्या तालुक्यातली माणसं त्यांच्या गावात घालायची तर दोन तहसीलदार, दोन प्रांत आणि एक कलेक्टर लागतो. पलीकडचा तालुका तर ही माणसं घेणारच नाही, कारण घेतली की पाणी द्यावं लागेल. हे सगळं आण्णांनी अजिबात न चिडता सांगितलं. ते वाईट नव्हते. त्यांच्याइतका शांत माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी ते मला आत रावसाहेबांकडे घेऊन गेले. रावसाहेब म्हणजे तहसीलदार. ते फोनवर होते. फोन ठेवून त्यांनी फॉर्म चाळले नाहीत, मोजले.

“अकरा घरं वाढली तर बेचिराख सहा होतात,” ते म्हणाले.

“होय साहेब.”

“आणि वस्तीची एकशे बेचाळीस.”

“होय साहेब.”

रावसाहेबांनी उघड्या दारातून बाहेरच्या फळ्याकडे पाहिलं. आण्णांनीही पाहिलं. मग मीही पाहिलं. फळा सुरेख रंगला होता, हे मान्य करायला हवं.

“सत्तर वर्षं जे गाव बेचिराख आहे, ते माझ्या कारकिर्दीत एकदम वस्तीचं झालं, तर कलेक्टर पहिला प्रश्न काय विचारतील?” रावसाहेब म्हणाले. “इतके दिवस तुम्ही काय करत होता? आणि दुसरा प्रश्न, ही माणसं सरकारी जमिनीवर बसली कशी? मग उठवायची कुणी? तुम्ही उठवाल?”

रावसाहेबांनी फॉर्म माझ्याकडे सरकवले.

“तुम्ही कायम झालात का हो, गुरुजी?”

“अजून नाही, साहेब.”

“जनगणनेच्या कामाचा शेरा आमच्याकडून जातो,” रावसाहेब म्हणाले आणि त्यांनी पुन्हा फोन उचलला.

एवढंच. कुणी टेबलावर मूठ आपटली नाही, धमकी दिली नाही. घरी आई होती, धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं, आणि होणाऱ्या जावयाचा मेहुणा, म्हणजे मी, कायम नोकरीत आहे की नाही अशी चौकशी होऊन गेली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. सांगतोय ते एवढ्यासाठी, की त्या वेळी मला ते पुरेसं कारण वाटलं. बाहेर येऊन मी आण्णांच्या टेबलावर कोरा फॉर्म घेतला. घरे शून्य, पुरुष शून्य, स्त्रिया शून्य. खाली सही केली. आण्णांनी माझे अकरा फॉर्म नीट घडी करून खणात ठेवले, फाडले नाहीत. सरकारी कागद ते कधी फाडत नसत.

“एक राहिलं,” ते म्हणाले. “तपासणीला कुणी वर गेलंच तर नंबर दिसतील. पुसून या.”

मी शनिवारी पुन्हा चढलो. बरोबर फडकं आणि बाटलीभर पाणी घेतलं होतं, कारण पुसायला वर पाणी मिळणार नाही हे मला माहीत होतं. इतका मी एव्हाना तरबेज झालो होतो.

सातव्या घरी पोचलो तर नंबराला हळदकुंकू लावलेलं. ठकूबाई म्हणाल्या, “पोरांचा हात लागंल म्हनून सून दिसभर हितंच बसती.” हौसा खरंच चौकटीला टेकून बसली होती. सोमवारी जिल्ह्याला जायचं रद्द केल्याचं बिरूने सांगितलं. म्हशींच्या गळ्यातल्या दोऱ्या सोडून टाकल्या होत्या.

“आज कशापायी आलासा, मास्तर?”

फडकं माझ्या पिशवीत होतं. मी म्हणालो, “रंग पक्का झाला की नाही, ते बघायला.”

“झाला की.”

“मग झालं,” मी म्हणालो. हौसाने दूध आणलं, ते प्यायलो, आणि बाटलीतलं पाणी तिच्या हंड्यात ओतून खाली उतरलो. कचेरीत जाऊन आण्णांना सांगितलं, पुसले. कलेक्टर जूनमध्ये आले, त्यांनी फळ्याची तारीफ केली. सप्टेंबरात मी कायम झालो.

ते नंबर मी पुसले नाहीत याचं मला फार समाधान होतं. सही केली ती नाइलाजाने, पण पुसायला सांगितलं ते काही केलं नाही, एवढी माणुसकी आपल्यात शिल्लक आहे, असं मी स्वतःला बजावत असे. पुढे माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. तेवढ्या समाधानावर मी वीस वर्षं काढली.

दोन हजार दहाला केंद्रप्रमुख होऊन मी पुन्हा त्याच तालुक्यात आलो. पुन्हा घरयादी होती आणि आता मी पर्यवेक्षक होतो. आण्णा निवृत्त होऊन वारले होते. फळ्याच्या जागी संगणक आला होता. पण वरची ओळ त्याने जशीच्या तशी उतरून घेतली होती. वस्तीची १४१, बेचिराख ७. मधल्या जनगणनेला माझ्या जागी जे गुरुजी होते ते माझ्यापेक्षा हुशार निघाले, वर गेलेच नाहीत. या वेळच्या गुरुजींनी करंजदऱ्याचा फॉर्म शून्य भरून माझ्यापुढे सहीला ठेवला. मी म्हणालो, थांबा, मी जाऊन येतो.

या खेपेला तीनदा बसत चढलो. पहिल्या घराच्या चौकटीवर नंबर होता. ताज्या गेरूचा, ठसठशीत. दुसऱ्यावर होता, तिसऱ्यावर होता. अकराव्याच्या पुढे नवी घरं झाली होती, त्यांच्यावरही होते. बारा, तेरा, चौदा. सतरापर्यंत. वळण माझंच, सातची मान तशीच. कुठल्याशा संस्थेने दिलेले सौर दिवे दोन-तीन छपरांवर होते. म्हणजे गावात दिवाही लागत होता.

बिरू पंचेचाळिशीचा झाला होता, केस पिकले होते. त्याने मला लगेच ओळखलं. ठकूबाई वारून सहा वर्षं झाली होती.

“हे पुढचे नंबर कुणी घातले?” मी विचारलं.

“आमीच. तुमचं अक्षर बघून गिरवलं. नवं घर झालं की म्होरचा नंबर. मधी कुनी घुसायचं न्हाई, आयनं नेम घालून दिला हुता. दर पाडव्याला गेरू देतो. आय म्हनायची, नंबर पुसू देऊ नका, पुसला तर पुन्हा पहिल्यापासनं उभं ऱ्हावं लागंल.”

तेव्हा कुठे मला कळायला लागलं. मी घराला नंबर लावला होता. त्यांचा नंबर लागला होता. रेशनच्या दुकानात लागतो तसा, दवाखान्यात लागतो तसा.

“जिल्ह्याला गेला नाहीत नंतर कधी? म्हशी घेऊन?”

“आय जाऊ दीना. नंबर लागल्याव जो भांडतो त्याला मागं घालत्यात म्हनायची. तालुक्याला गेलतो दोनदा. तिथल्या बाईनं इचारलं, तुमचा नंबर? अर्जाचा नंबर इचारत आसंल ती. मी म्हटलं सात. ती म्हनली, नुसता सात? मग थांबा, यील. थांबलो.”

मी खाली बसलो. उन्हाने डोकं गरगरत होतं. “जरा पाणी मिळेल का?” म्हणालो, आणि म्हणाल्यावर लक्षात आलं.

हौसा आतून आली. केस पांढरे झाले होते, पाय तसाच ओढत होती. तिच्या हातात पितळी होती आणि पितळीत दूध होतं.

“बरं झालं आलासा,” बिरू म्हणाला. “धाकट्या भावाचं घर नवं झालंय. अठरावा नंबर तुमच्या हातनं घाला. सरकारी हात लागंल.” त्याने गेरूचा डबा आणून माझ्यापुढे धरला. वीस वर्षांपूर्वी धरला होता तसाच.

मी डबा घेतला नाही. म्हणालो, “बिरू, मी तेव्हा खाली जाऊन शून्य लिहिलं. अकरा घरांचे फॉर्म भरलेले होते, ते ठेवून दिले आणि कोऱ्यावर सही केली. तुम्ही यादीत कधी नव्हताच. मी हे नंबर पुसायला आलो होतो त्या शनिवारी. तेही केलं नाही. पुसले असते तर तुम्ही सोमवारी गेला असता.”

मला वाटलं, हा आता अंगावर येईल, आणि खरं तर तो यावा असं मला वाटत होतं. हौसा चौकटीला टेकून उभी होती. तिने मान वळवून शेजारच्या सातकडे पाहिलं, मग दूर झाली.

बिरूने डब्यातला गेरू काडीने ढवळला. मग त्याने डबा खाली ठेवला.

“म्हंजे हे समदं पुसाय पायजे,” तो म्हणाला.

“मी पुसतो.”

“कशानं?” बिरू म्हणाला. “पुसायचं म्हटलं तरी पानी खालनंच आनाय लागंल, मास्तर.”